एलियट काउंटीची मते कोठे गेली?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त अर्थशास्त्र-प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. - संपादक)



अमेरिकेच्या निवडणुकांविषयी आपल्याकडे जे बोलले आणि लिहिले जाते ते बहुधा न्यूयॉर्क, वॉशिंग्टन किंवा कॅलिफोर्निया येथून आलेल्या बातम्यांवर बेतलेले असते. आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे ती एका अगदी लहान, डोंगराळ मुलखाची हकीगत. केंटकी राज्याच्या ईशान्य भागात, अ‍ॅपालाचियन पर्वतराजीच्या कुशीत, एलियट नावाची काउंटी आहे. काउंटी हा तेथील कारभाराचा घटक. अधिकारांच्या दृष्टीने आपल्या तालुक्याशी त्याची ढोबळ तुलना करता येईल, परंतु लोकसंख्येच्या दृष्टीने पाहिले तर एलियट म्हणजे आपल्याकडील एखादे मोठे गावच. २०२० च्या जनगणनेत तेथे ७,३५४ माणसे मोजली गेली. मुख्य ठिकाण सँडी हुक. तेही चार रस्ते, न्यायालय, शाळा, चर्च आणि काही दुकाने एवढेच. वस्ती जवळजवळ सर्वस्वी गोऱ्या लोकांची, उत्पन्न कमी, जमीन चढउताराची.

या काउंटीचे नाव राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना ठाऊक झाले ते एका विक्रमामुळे. १८६९ साली ही काउंटी अस्तित्वात आली. १८७२ साली तिने अध्यक्षपदाच्या पहिल्या निवडणुकीत मत दिले ते डेमोक्रॅटिक पक्षाला. त्यानंतर २०१२ पर्यंत झालेल्या प्रत्येक निवडणुकीत, म्हणजे सलग ३६ वेळा, तिने त्याच पक्षाला कौल दिला. १९७२ साली मॅक्गव्हर्न यांनी पन्नासांपैकी एकोणपन्नास राज्ये गमावली, तेव्हाही एलियट त्यांच्यामागे स्पष्ट बहुमताने उभी होती. १९८४ साली माँडेल यांना स्वत:चे मिनेसोटा राज्य तेवढे राखता आले, तरी एलियटने त्यांना सोडले नाही. एवढी दीर्घ डेमोक्रॅटिक परंपरा अमेरिकेतील दुसऱ्या कोणत्याही काउंटीची नव्हती. आणि २०१६ साली डोनाल्ड ट्रम्प यांना तेथे शेकडा ७० मते पडली.

(येथे नावांचा घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो: तेथील रिपब्लिकन पक्षाचा आपल्या महाराष्ट्रातील रिपब्लिकन पक्षाशी नावापलीकडे काही संबंध नाही.)

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्याने प्रथम आकड्यांकडे वळतो. २००४ साली डेमोक्रॅटिक उमेदवार केरी यांना एलियटमध्ये शेकडा ७० च्या जवळपास मते होती. २००८ साली ओबामा यांना ६१. २०१२ साली त्यांनाच ४९. त्या वर्षी त्यांनी काउंटी राखली ती अवघ्या साठेक मतांनी. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना २६. म्हणजे बारा वर्षांत सत्तर टक्के या तीरावरून त्या तीरावर गेले. वर्तमानपत्रांनी याला ‘भूकंप’ म्हटले. पण ही उतरंड नीट पाहिली तर भूकंप म्हणण्याचे कारण उरत नाही. भिंत आठ वर्षे खचत होती, ती पडली त्या रात्री लोकांना आवाज ऐकू आला इतकेच.

आणखी एक गोष्ट टक्केवारीत दिसत नाही, ती प्रत्यक्ष मतांच्या संख्येत दिसते. २०१२ साली काउंटीत एकूण सुमारे २,४०० मते पडली, २०१६ साली सुमारे २,८५०. डेमोक्रॅटिक मते साधारण साडेचारशेंनी घटली, रिपब्लिकन मते मात्र पावणेनऊशेच्या आसपास वाढली. आता हे गणित करून पाहा. डेमोक्रॅटिक पक्षाने गमावलेला एकूण एक मतदार ट्रम्प यांच्याकडे गेला असे गृहीत धरले तरी वाढीचा जवळजवळ अर्धा भाग शिल्लक राहतो. ती माणसे २०१२ साली घरी बसली होती. पक्षांतर करणाऱ्या मतदाराविषयी आपण पुष्कळ चर्चा करतो. घरी बसलेल्या मतदाराची नोंद कोणी ठेवत नाही, आणि तो उठून बाहेर पडला म्हणजे सर्वांची पंचाईत होते.

आता प्रश्न असा की ही निष्ठा मुळात आली कोठून? याचे उत्तर पुरोगामी माणसाला सुखावणारे नाही. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात केंटकी राज्य संघराज्यात राहिले, पण तेथे गुलामगिरीही होती आणि माणसे दोन्ही सैन्यांत गेली. डोंगरी भागात ज्या खोऱ्यांचा ओढा उत्तरेकडे होता ती युद्धानंतर रिपब्लिकन झाली, ज्यांचा दक्षिणेकडे होता ती डेमोक्रॅटिक झाली. एलियट दुसऱ्या गटातली. याच राज्यात थोडी नैर्ऋत्येला जॅक्सन नावाची काउंटी आहे. तीही डोंगरी, तीही गोरी, तीही गरीब. आणि यादवी युद्धापासून आजपर्यंत अखंड रिपब्लिकन. रूझवेल्ट यांच्या ऐन भरातही ती बदलली नाही. उत्पन्न सारखे, धर्म सारखा, पीक सारखे, आणि मते दीड शतक परस्परविरुद्ध! मतदार आपल्या खिशाकडे पाहून मत देतो हा सिद्धान्त ज्यांना प्रिय आहे त्यांनी या दोन काउंट्या शेजारी शेजारी मांडून विचार करावा. आजोबा कोणत्या सैन्यात लढले यावर नातवाचे मत ठरत होते. आपल्याकडे घराण्याचे दैवत जसे ठरते तसाच हा प्रकार.

पण केवळ पूर्वजांच्या पुण्याईवर १४० वर्षे कोणताही पक्ष जगत नाही. एलियटच्या या वारशाला नवा आशय मिळाला तो १९३० नंतरच्या दशकात. त्याची कथा तंबाखूची आहे, आणि तिच्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण माझ्या मते सर्व प्रश्नाचे मर्म तेथे आहे.

केंटकीत ‘बर्ली’ जातीचा तंबाखू पिकतो. सिगारेटसाठी तो लागतो. डोंगरउतारावरील शेतकऱ्याला या पिकाचा आधार असे, कारण अर्ध्या एकरातही त्यातून रोख पैसा येई. मात्र विकणारे हजारो आणि घेणाऱ्या कंपन्या चार-दोन. विसाव्या शतकाच्या आरंभी तर एकाच मक्तेदार कंपनीची सत्ता होती, आणि तिच्याविरुद्ध बर्ली उत्पादकांनी १९०८ साली पीकच न लावण्याचा संप केला होता. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांचे १९८१ चे आंदोलन ज्यांना आठवते त्यांना ही अगतिकता निराळी समजावून सांगायला नको.

रूझवेल्ट यांच्या सरकारने १९३३ आणि पुढे १९३८ साली कायदे करून यात हात घातला. प्रत्येक शेताला तंबाखूचा कोटा नेमून दिला; प्रथम क्षेत्राच्या मापाने, १९७१ पासून बर्लीच्या बाबतीत वजनाच्या मापाने. त्या बदल्यात किमान भावाची हमी. हिवाळ्यात वखारीत लिलाव होई. कंपन्यांनी हमीभावाइतकी बोली लावली नाही तर उत्पादकांचा सहकारी संघ सरकारी कर्जाच्या बळावर तो माल उचलून ठेवी आणि पुढे सवडीने विकी. कोटापद्धती चालू ठेवायची की नाही यावर ठराविक वर्षांनी शेतकऱ्यांचेच मतदान घेतले जाई. नाताळाच्या आसपास हाती येणाऱ्या त्या धनादेशातून दुकानाची उधारी फिटे, जमिनीचा कर भरला जाई, मुलांच्या पायांत जोडे येत. याच काळात खेड्यांच्या वीजपुरवठ्यासाठी १९३५ साली स्वतंत्र सरकारी यंत्रणा उभी राहिली, आणि नफेखोर कंपन्यांना ज्या दऱ्यांत तारा नेणे परवडत नव्हते तेथे सहकारी संस्थांनी दिवे लावले. एलियटला आजही वीज मिळते ती शेजारच्या ग्रेसन गावातील अशाच सहकारी संस्थेकडून.

यातून काय घडले ते पाहा. ‘डेमोक्रॅटिक पक्ष’ हा शब्द त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने जाहीरनाम्यातला राहिला नाही. तो वखारीत होता, कोट्याच्या कागदावर होता, घरातल्या दिव्यात होता. शिवाय त्याच्या कुटुंबातील कोणी ना कोणी बाहेर कामाला जाई: तासाभराच्या अंतरावरील अ‍ॅशलंडच्या पोलाद कारखान्यात, रेल्वेत, दक्षिणेकडील कोळसाखाणींत. तेथे कामगार संघटना होती, आणि संघटनेचा माणूस निवडणुकीच्या आधी कोणाला मत द्यायचे हे सांगत असे. तो आपला शेजारी असल्याने त्याचे ऐकले जाई. काउंटीच्या न्यायालयातील कारभारही त्याच पक्षाच्या हाती. केंटकीत तुरुंगाधिकारीसुद्धा लोकांनी निवडून द्यायचा असतो, हे ऐकून मला गंमत वाटली होती. रस्त्याची खडी कोणाच्या दारापर्यंत पडणार, नोकरी कोणाच्या भाच्याला मिळणार, हे सारे त्या निवडणुकांवर अवलंबून. हा कारभार फार शुद्ध होता असे कोणी म्हणणार नाही. पण माणूस आणि पक्ष यांच्यात रोजचा व्यवहार होता, एवढे खरे.

आता या आधारांचे पुढे काय झाले ते ओळीने पाहू.

ऑक्टोबर २००४ मध्ये कोटापद्धती मोडण्याचा कायदा झाला. कोट्याच्या मालकांना पौंडामागे ७ डॉलर आणि प्रत्यक्ष पिकवणाऱ्यांना ३ डॉलर, असे सुमारे दहा अब्ज डॉलर दहा वर्षांत वाटण्याचे ठरले. दोन्ही पक्षांचे तंबाखूच्या राज्यांतील प्रतिनिधी यामागे होते. शेतकऱ्यांपैकीही अनेकांना ते हवे होते, कारण परदेशी तंबाखूमुळे कोटा वर्षावर्षाला आटत चालला होता. तेव्हा यात एका पक्षाने दगा दिला अशी सोपी गोष्ट नाही. परंतु परिणाम पाहावा. केंटकीत २००२ च्या शेतीगणनेत तंबाखू पिकवणारी सुमारे २९ हजार शेते होती. २००७ च्या गणनेत ती ८ हजारांवर आली. पाच वर्षांत चारांपैकी तीन जणांनी पीक सोडले. जे उरले त्यांनी कंपनीशी थेट करार केले; लिलावाच्या वखारी ओस पडल्या. भरपाईचा शेवटचा हप्ता २०१४ साली आला. या तारखा आणि मतांची उतरंड शेजारी मांडली की मनात जे येते ते मी सिद्धान्त म्हणून सांगणार नाही. दोन घटना एकापाठोपाठ घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे मी आयुष्यभर वर्गात शिकवले. तरीही लिलावाची वखार ही केवळ बाजारपेठ नव्हती, दरवर्षी हजारो छोटे शेतकरी एकत्र येण्याची ती जागा होती, ही गोष्ट कोणत्याही आकडेवारीत सापडत नाही.

तंबाखूची व्यवस्था गेली आणि २००५ साली सँडी हुकजवळ राज्य सरकारचा मोठा तुरुंग सुरू झाला. त्या भागात रोजगार आणण्याचा मार्ग म्हणून अनेक डोंगरी काउंट्यांनी तुरुंग मागून घेतले आहेत. तेथील कैदी जनगणनेत काउंटीचे रहिवासी म्हणून धरले जातात. मत मात्र त्यांना नाही. काउंटीच्या साडेसात हजारांच्या वस्तीत हे एक हजाराच्या आसपास बंदिवान आहेत, हे ध्यानात ठेवल्याशिवाय तेथील कोणताही दरडोई आकडा वाचू नये.

पोलादाचे पाहा. अ‍ॅशलंडच्या कारखान्याची झोतभट्टी डिसेंबर २०१५ मध्ये थांबली आणि शेकडो कामगार घरी गेले. २०१९ साली कारखाना कायमचा बंद झाला. कोळशाचे तर विचारायलाच नको. २०११ साली राज्यात सुमारे १८ हजार खाणकामगार होते, २०१६ च्या अखेरीस सात हजारांहून कमी. केंटकीतली शेवटची संघटित खाण २०१४ च्या शेवटच्या दिवशी बंद पडली. हे राज्य म्हणजे हार्लन काउंटीचे राज्य. १९३० नंतरच्या दशकात तेथे खाणकामगारांनी गोळ्या झेलून संघटना उभी केली. १९७३-७४ च्या ब्रुकसाइड संपावर बार्बरा कॉपल यांनी केलेल्या माहितीपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले. आपल्यापैकी जुन्या कार्यकर्त्यांनी त्याचे खेळ पाहिलेही असतील. त्या हार्लनने २०१६ साली ट्रम्प यांना शेकडा ८५ च्या आसपास मते दिली.

याच वर्षीच्या मार्च महिन्यात हिलरी क्लिंटन ओहायो राज्यातील एका सभेत म्हणाल्या की आपण अनेक खाणकामगारांना आणि कोळसा कंपन्यांना धंद्यातून बाहेर काढणार आहोत. पूर्ण भाषण वाचले तर त्यांचा रोख निराळा होता. या कामगारांना विसरून चालणार नाही, त्यांना नवे उद्योग दिले पाहिजेत, असे त्या पुढे म्हणाल्या. पण पुढचे वाक्य कोणी ऐकले नाही. पूर्वी असे वाक्य सावरून घ्यायला खाणीच्या तोंडाशी संघटनेचा माणूस उभा असे. आता तेथे दूरचित्रवाणीचा पडदा होता, आणि पडद्यावर ते एकच वाक्य दिवसातून दहा वेळा.

येथे एक विरोधाभास नोंदवतो. २००८ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत याच क्लिंटनबाईंना ओबामांविरुद्ध पूर्व केंटकीच्या अनेक काउंट्यांत दहांपैकी आठ-नऊ मते पडली होती. त्यात वर्णद्वेषाचा वाटा होता हे नाकारणे म्हणजे डोळ्यांवर कातडे ओढणे होय. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एलियटने ओबामांना शेकडा ६१ मते दिली, आणि २०१२ सालीही निसटते का होईना बहुमत दिले. आणि गोऱ्या उमेदवाराला मात्र चार वर्षांनी चौथ्या हिश्श्यावर आणून ठेवले. केवळ वर्णद्वेषाने हे गणित सुटत नाही. मे २०१६ मध्ये केंटकीच्या पक्षांतर्गत निवडणुकीत पूर्वेकडील कोळशाच्या काउंट्यांपैकी बहुतेकांनी कौल दिला तो स्वत:ला लोकशाही समाजवादी म्हणवणाऱ्या बर्नी सँडर्स यांना. यावरून तेथे समाजवादाची लाट आली होती असे अनुमान काढण्याचा मोह आपल्याला होईल. तो आवरावा. त्यातील बराच भाग क्लिंटनविरोधाचा होता. पण ‘समाजवादी’ या शब्दाने ते लोक बिचकले नाहीत, एवढे तरी नोंदवायला हरकत नाही.

आता या सर्व प्रकाराला सुशिक्षित वर्गाने दिलेले स्पष्टीकरण पाहू. हे लोक स्वत:च्या हिताविरुद्ध मत देतात, असे ते स्पष्टीकरण. २००४ साली टॉमस फ्रँक यांनी कॅन्सस राज्याविषयी लिहिलेल्या पुस्तकापासून ते रूढ झाले: गर्भपात, बंदूक, चर्च यांच्या नावाने गरीब माणूस भुलवला जातो आणि श्रीमंतांचे कर कमी करणाऱ्यांना निवडून देतो. यात तथ्य नाही असे नाही. केंटकीचेच उदाहरण आहे. गव्हर्नर स्टीव्ह बेशिअर यांनी २०१४ पासून गरिबांसाठी सरकारी आरोग्यविमा विस्तारला; चार लाखांहून अधिक माणसांना संरक्षण मिळाले आणि विमा नसलेल्यांचे प्रमाण वर्षभरात निम्म्यावर आले. २०१५ साली मॅट बेव्हिन हे रिपब्लिकन उमेदवार हा विस्तार मागे घेण्याची भाषा करत गव्हर्नर झाले. देशातील सर्वांत गरीब काउंट्यांत गणल्या जाणाऱ्या औसलीने त्यांना शेकडा ७० मते दिली.

बातमी वाचून अनेकांनी कपाळावर हात मारला. पण त्या निवडणुकीत राज्यभरात मतदान झाले होते अवघे ३० टक्क्यांच्या आसपास. पत्रकार अ‍ॅलेक मॅकगिलिस यांनी त्या वेळी फार मार्मिक निरीक्षण मांडले: सरकारी मदत घेणारे लोक स्वत:च्या विरुद्ध मत देत नव्हते, ते मत देतच नव्हते. मत देत होते ते त्यांच्याहून एक पायरी वरचे शेजारी: शिक्षक, पोलीस, छोटा दुकानदार, रुग्णालयातील परिचारिका. आणि शेजारी रोजगाराविना मदतीवर जगतो, वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी जातो, हे पाहून त्यांच्या मनात जो राग साठत होता तो सरकारवर निघत होता. ‘काउंटीने अमुक मत दिले’ असे म्हणताना आपण काउंटीला एक माणूस समजतो. तिच्यात वर्ग आहेत, हे समाजवाद्यांनी तरी विसरू नये.

दुसरे असे की ‘हित’ म्हणजे केवळ प्राप्ती, हा आम्हा अर्थशास्त्रज्ञांचा जुना दुराग्रह. विस्कॉन्सिनच्या राज्यशास्त्रज्ञ कॅथरीन क्रेमर अनेक वर्षे खेड्यांतील पेट्रोलपंपांवर आणि उपाहारगृहांत सकाळी जमणाऱ्या लोकांत जाऊन बसल्या, आणि २०१६ साली त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. हेच ते विस्कॉन्सिन, जेथे १९२०च्या दशकात शिकत असताना जयप्रकाशजी मार्क्सवादी झाले आणि जेथील पुरोगामी नेते ला फॉलेट यांनी १९२४ साली तिसऱ्या पक्षातर्फे अध्यक्षपदाची निवडणूक लढवून देशातील सहावा हिस्सा मते मिळवली. क्रेमरबाईंना आढळले ते असे: खेड्यातील माणसाला वाटते की सत्ता शहरात आहे, पैसा शहरात जातो, आणि आपल्या कष्टांना तेथे कोणी मान देत नाही. यातली पैशाची बाजू आकड्यांवर नेहमी टिकत नाही. मानाची बाजू खोडून काढायला आकडे नाहीत.

ग्रामीण अमेरिका स्वभावत:च प्रतिगामी आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. ओक्लाहोमात १९१४ साली समाजवादी पक्षाच्या उमेदवाराला गव्हर्नरपदासाठी शेकडा २० हून अधिक मते पडली होती, आणि ती मुख्यत: कुळांची, कर्जबाजारी शेतकऱ्यांची होती. २००४ पासून अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत त्या राज्यातील सर्वच्या सर्व ७७ काउंट्या रिपब्लिकन पक्षाकडे गेल्या आहेत. उत्तर डकोटात शेतकऱ्यांच्या संघटनेने सत्ता मिळवून १९१९ साली सरकारी बँक काढली, पुढे सरकारी पिठाची गिरणी सुरू केली. दोन्ही आजही चालू आहेत, नफ्यातही आहेत. आणि राज्य पक्के रिपब्लिकन. हे उदाहरण माझ्याच प्रतिपादनाला अडचणीचे आहे, हे मी जाणतो. तंबाखूची व्यवस्था मोडली म्हणून पक्ष गेला असे मी म्हणावे, तर येथे संस्था धडधाकट आहे आणि तिला जन्म देणारा विचार नामशेष. मला सुचते ते उत्तर असे: बँक राहिली पण तिच्या मागची शेतकऱ्यांची संघटना, वर्गणी गोळा करणारा, घरोघर फिरणारा माणूस, तो राहिला नाही. शतकभरात ती बँक डोंगर-नदीसारखी तेथल्या निसर्गाचा भाग झाली. कोणी भांडून मिळवलेली गोष्ट आहे, हे स्मरण देणारे कोणी उरले नाही.

एलियटकडे परत येऊ, कारण तेथे हा प्रकार आपल्या डोळ्यांसमोर घडला. २०१६ नंतरही काउंटीतील नोंदणीकृत मतदारांत डेमोक्रॅट्स प्रचंड बहुसंख्य होते. केंटकीत पक्षांतर्गत निवडणुकीत त्या पक्षाच्या नोंदणीकृत मतदारालाच मत देता येते; आणि गावचा शेरीफ, कारकून, तुरुंगाधिकारी यांची खरी निवड डेमोक्रॅटिक पक्षाच्या त्याच फेरीत होत असल्याने तेथे नाव ठेवणे भाग होते. नोंदवही पाहून पक्षाचे बळ मोजणाऱ्या वरिष्ठ नेत्यांना ही गोष्ट फार उशिरा कळली. सदस्यत्वाची पुस्तके भरलेली आहेत म्हणून निश्चिंत असणारे पुढारी सर्व देशांत असतात.

या काउंटीतला एक माणूस मात्र हा दुवा बराच काळ धरून होता. सँडी हुकचे रॉकी अ‍ॅडकिन्स १९८७ पासून राज्याच्या प्रतिनिधिगृहात या भागाचे सदस्य होते आणि पुढे तेथील बहुमताचे नेते झाले. शाळा, रस्ता, पाणीयोजना यांसाठी लोक ज्याच्याकडे जात असा पुढारी. ट्रम्प यांना शेकडा ७० मते देणाऱ्या मतपत्रिकांवरही अशा माणसांना मते पडत होती. २०१६ च्या त्याच निवडणुकीत राज्याचे प्रतिनिधिगृह सुमारे ९५ वर्षांनंतर रिपब्लिकन पक्षाकडे गेले, पण अ‍ॅडकिन्स यांची जागा गेली नाही. २०१९ साली ते गव्हर्नरपदाच्या पक्षांतर्गत लढतीत अँडी बेशिअर यांच्याकडून हरले. हे स्टीव्ह बेशिअर यांचे पुत्र. त्यांनी आरोग्यविमा, सार्वजनिक शाळा आणि शिक्षकांचे निवृत्तिवेतन हेच विषय धरून बेव्हिन यांना हरवले, आणि एलियट काउंटीने नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनाच बहुमत दिले. ट्रम्प यांना तीन वर्षांपूर्वी डोक्यावर घेणारी हीच माणसे. विषय घरचा असला, आणि तो मांडणारा ओळखीचा असला, तर पक्षाचे नाव त्यांना तेव्हाही अस्पृश्य झालेले नव्हते.

बेशिअर यांनी अ‍ॅडकिन्स यांना आपले सल्लागार म्हणून राजधानीत नेले. योग्य माणसाचा योग्य गौरव झाला, असे पक्षातील सर्वांना वाटले असणार. त्यांच्या रिकाम्या जागेसाठी फेब्रुवारी २०२० मध्ये पोटनिवडणूक झाली, आणि ती रिपब्लिकन उमेदवाराने जिंकली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये एलियटमध्ये ट्रम्प यांची मते तीन-चतुर्थांशांच्या जवळ गेली, २०२४ साली त्याहूनही वर. २०२२ च्या जुलैत संपूर्ण केंटकीत नोंदणीकृत रिपब्लिकनांची संख्या इतिहासात प्रथमच डेमोक्रॅट्सपेक्षा अधिक झाली.

माझा वेळ संपला आहे. उत्तर डकोटाच्या बँकेविषयी मी जे उत्तर दिले ते मला स्वत:ला पुरेसे वाटत नाही; त्यावर आपल्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर प्रश्नोत्तरांची सुरुवात तेथूनच करावी.